एकाच महिन्यात दोन गदा

कराटेतला ब्लॅक बेल्ट दिसला की तो दिला कुणी, हे विचारावं लागतं. कुस्तीला ती गरज नव्हती. जळोची असो की इंदापूर, जत्रेच्या फडात पाठ टेकली की हार. साक्षीला अख्खं गाव. १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’चा मान याच विश्वासावर उभा राहिला.

मग संघटनेत फूट पडली. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला हरवून गदा घेतली. त्याच महिन्यात धाराशिवच्या वेगळ्या स्पर्धेत राक्षेने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा उचलली. २०२५ मध्ये पुन्हा तेच : अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, कर्जतला वेताळ शेळके.

पैलवान खरे, कुस्त्या खऱ्या, घाम खरा. तरी आता किताब ऐकला की पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या संघटनेचा?’