जन्मजातसदृश लसीका पेशी

जन्मजातसदृश लसीका पेशी हा मानव व इतर सस्तन प्राण्यांच्या रोगप्रतिकार संस्थेतील पांढऱ्या रक्तपेशींचा एक गट आहे. या पेशी उत्पत्तीने टी किंवा बी लसीका पेशी असतात; मात्र संसर्गाला तत्काळ प्रतिसाद देण्याची त्यांची रीत जन्मजात प्रतिकार संस्थेतील पेशींसारखी असते. त्यांपैकी अनेक पेशी रक्तात न फिरता त्वचा, आतडे, फुप्फुसे, यकृत यांच्या ऊतींमध्ये कायम वास्तव्य करतात. जंतूंना अटकाव करणे, इजा झालेली ऊती भरून आणणे आणि कर्करोगग्रस्त पेशी ओळखून नष्ट करणे ही त्यांची प्रमुख कार्ये होत.

स्वरूप

रोगप्रतिकार संस्थेचे जन्मजात आणि अर्जित असे दोन विभाग मानले जातात. जन्मजात विभाग अनेक जंतूंमध्ये समान असलेल्या खुणा ओळखून काही तासांतच कार्यरत होतो. अर्जित विभागातील टी व बी पेशींवरील ग्राही जनुकखंडांच्या यादृच्छिक जुळणीतून तयार होतात. त्यामुळे असंख्य प्रतिजन ओळखता येतात. परंतु एखाद्या विशिष्ट प्रतिजनाला अनुरूप अशा पेशी सुरुवातीला मोजक्याच असतात. त्यांची संख्या वाढून त्या परिणामकारक होण्यास अनेक दिवस लागतात.

जन्मजातसदृश पेशी या दोन विभागांच्या सीमेवर आहेत. त्यांचे ग्राहीही जनुकखंडांच्या जुळणीतूनच बनतात. मात्र त्यांतील वैविध्य मर्यादित असते आणि एकसारखा ग्राही असलेल्या पेशी मोठ्या संख्येने उपलब्ध असतात. त्यांतील अनेक टी पेशी थायमस ग्रंथीत विकसित होत असतानाच आपले कार्य करण्यास सज्ज झालेल्या असतात. नेहमीच्या टी पेशी मुख्यतः प्रथिनांचे तुकडे ओळखतात, तर या पेशी मेद, चयापचयातून निर्माण होणारी लहान संयुगे किंवा ताणग्रस्त पेशींवरील खुणा ओळखतात. काही वेळा ग्राहीचा उपयोग न होता केवळ सायटोकाइन या संदेशवाहक प्रथिनांमुळेही त्या सक्रिय होतात.

जन्मजात लसीकाभ पेशी हा यापासून भिन्न गट आहे. त्या पेशींवर प्रतिजन ओळखणारा असा जुळणीतून बनलेला ग्राही नसतो. दोन्ही गटांची कार्ये मात्र बरीचशी मिळतीजुळती आहेत.

प्रमुख प्रकार

गॅमा-डेल्टा टी पेशी : या पेशींच्या ग्राहीतील गॅमा साखळीचे जनुक १९८४ मध्ये सुसुमु टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत नेहमीच्या टी पेशींच्या ग्राहीचा शोध घेत असताना आढळले. मानवी रक्तातील यांचा मुख्य उपप्रकार फॉस्फेटयुक्त लहान संयुगांना प्रतिसाद देतो. क्षयाचे जंतू, हिवतापाचे परजीवी तसेच चयापचय बिघडलेल्या कर्कपेशी यांमध्ये अशी संयुगे निर्माण होतात.

मेट पेशी : जीवाणू व यीस्ट रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व ब२) तयार करताना निर्माण होणारी संयुगे या पेशी एमआर-१ या रेणूच्या साहाय्याने ओळखतात. हे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. मानवी शरीर हे जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. म्हणून ही संयुगे सूक्ष्मजीवांच्या अस्तित्वाची खात्रीशीर खूण ठरतात. मानवी यकृतात या पेशी विशेष विपुल असतात.

अचल नैसर्गिक मारक टी पेशी : या पेशी सीडी-१डी या रेणूवरील मेदयुक्त प्रतिजन ओळखतात. त्यांना तीव्रतेने चेतवणारे एक संयुग सागरी स्पंजपासून मिळालेल्या द्रव्याच्या अभ्यासातून हाती आले.

बी-१ पेशी : उंदरांमध्ये या मुख्यतः उदरपोकळी व फुप्फुसावरणाच्या पोकळीत आढळतात. संसर्ग झालेला नसतानाही त्या नैसर्गिक प्रतिपिंडे स्रवतात.

ऊतींचे रक्षण

त्वचा आणि श्लेष्मल पटले यांचा बाह्य जगाशी सतत संपर्क असतो. तेथील प्रत्येक सूक्ष्मजीवाविरुद्ध तीव्र दाह निर्माण झाल्यास ऊतींचीच हानी होईल. म्हणून या ठिकाणी रक्षणाबरोबर दुरुस्तीचीही आवश्यकता असते. उंदरांच्या त्वचेच्या बाह्यस्तरातील गॅमा-डेल्टा टी पेशी जखमेच्या कडेच्या पेशींची वाढ घडवून आणणारी द्रव्ये स्रवतात. या पेशींचा अभाव असल्यास जखम भरण्यास विलंब लागतो. मेट पेशीही त्वचेच्या दुरुस्तीस साहाय्य करतात, असे २०१९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये मेट पेशी जवळजवळ आढळत नाहीत. यावरून शरीरावर व आतड्यात राहणारे निरुपद्रवी सूक्ष्मजीवच या पेशींच्या वाढीस कारणीभूत होतात, हे स्पष्ट होते.

कुष्ठरोगात रोगप्रतिकाराच्या तीव्र प्रतिक्रियेच्या वेळी त्वचेवरील चट्ट्यांमध्ये गॅमा-डेल्टा टी पेशींचे प्रमाण वाढते, असे १९८९ मध्ये दाखवण्यात आले. सक्रिय क्षयरोगात रक्तातील मेट पेशींची संख्या घटते.

महाराष्ट्रातील संशोधन

तंबाखूच्या सेवनामुळे भारतात मुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. मुंबईतील टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत शुभदा चिपळूणकर व सहकाऱ्यांनी या रोगातील गॅमा-डेल्टा टी पेशींचा अभ्यास केला. मुखाच्या कर्कपेशींवरील उष्माघात प्रथिन-६० या पेशी ओळखतात, असा निष्कर्ष त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. उष्माघात प्रथिने सामान्यतः पेशीच्या आत राहून ताणाच्या वेळी इतर प्रथिनांचे रक्षण करतात. ती पेशीच्या पृष्ठभागावर दिसणे ही बिघाडाची खूण असते. पुढील वर्षी अन्ननलिकेच्या कर्करोगासंबंधीही याच स्वरूपाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

हे कार्य नंतर नवी मुंबईतील खारघर येथील केंद्राच्या प्रगत संशोधन संकुलात, म्हणजे ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये, पुढे चालू राहिले. चिपळूणकर यांनी या संस्थेचे संचालकपदही भूषविले. २०१६ मध्ये याच गटाने पित्ताशयाच्या कर्करोगाविषयी निराळा निष्कर्ष मांडला. इंटरल्यूकिन-१७ स्रवणाऱ्या गॅमा-डेल्टा टी पेशी नव्या रक्तवाहिन्यांच्या निर्मितीस चालना देतात आणि त्यांचे आधिक्य असलेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी असते, असे त्यात आढळले.

दुहेरी भूमिका

वरील दोन निष्कर्ष एकत्र पाहिल्यास या पेशींचे कार्य परिस्थितीवर अवलंबून असल्याचे दिसते. इंटरल्यूकिन-१७ बुरशी व जीवाणूंविरुद्ध उपयुक्त ठरते. परंतु तेच दीर्घकाळ स्रवत राहिल्यास दाह टिकून राहतो. सोरायसिससारख्या त्वचाविकारात याचा संबंध असतो. जखम भरून आणणारी वाढीची द्रव्येही अर्बुदाच्या परिसरात अपायकारक ठरू शकतात.

वैद्यकीय उपयोग

हाडांच्या विकारांवर दिले जाणारे झोलेड्रोनेट हे औषध पेशींमध्ये फॉस्फेटयुक्त संयुगांचा संचय घडवून गॅमा-डेल्टा टी पेशींना चेतवते. त्यामुळे रुग्णाच्या रक्तातील या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा शरीरात सोडण्याचे प्रयोग झाले आहेत. या पेशींची प्रतिजन ओळखण्याची क्रिया व्यक्तिगणिक बदलणाऱ्या एचएलए रेणूंवर अवलंबून नसते. परिणामी दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या ऊतींवर हल्ला करण्याचा धोका तुलनेने कमी असतो आणि निरोगी दात्यांकडून मिळालेल्या पेशी अनेक रुग्णांसाठी वापरण्याची शक्यता निर्माण होते. आतापर्यंतच्या चाचण्यांत हे उपचार सर्वसाधारणपणे सुरक्षित आढळले असले, तरी घन अर्बुदांवरील त्यांचा परिणाम मर्यादित राहिला आहे. अर्बुदापर्यंत पुरेशा पेशी पोहोचवणे आणि तेथील प्रतिकूल वातावरणात त्यांचे संरक्षक कार्य टिकवून ठेवणे, हे या संशोधनापुढील मुख्य प्रश्न आहेत.