पुण्याच्या मैलापाणी प्रकल्पांना पैसा कुणाचा? खालच्या गावांनी समजून घ्यावं असं सगळं

पुणे शहराचं सांडपाणी मुळा-मुठेतून हवेली, दौंडकडे येतं. रांजणगाव सांडस इथं नदी भीमेला मिळते आणि पाणी पुढं उजनी धरणात जातं. त्यामुळे शहरातले मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प हा फक्त पुणेकरांचा विषय राहत नाही. नदीवर मोटर टाकणारा शेतकरी, जनावरं आणि मच्छीमार यांचाही तो विषय आहे. या प्रकल्पांना पैसा कुठून आला, त्याचं काय होणार होतं आणि गावानं काय विचारावं, याची ही माहिती.

योजना काय आहे?

शहरातले जुने प्रकल्प रोज 477 एमएलडी पाणी शुद्ध करतील एवढ्या क्षमतेचे होते. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. शहर वाढलं तसं हे कमी पडू लागलं. म्हणून 396 एमएलडीचे 11 नवे प्रकल्प, नव्या मैलावाहिन्या आणि जुन्या पंपिंग स्टेशनची दुरुस्ती अशी योजना आखली गेली. दोन्ही मिळून क्षमता 873 एमएलडी होते. लोक हिला 'जायका' प्रकल्प म्हणतात, कारण कर्ज जपानच्या जायका या संस्थेचं आहे.

पैसा कुणाचा?

2016 मध्ये केंद्रानं मंजुरी दिली तेव्हाचा हिशोब असा होता:

- एकूण खर्च: 990.26 कोटी रुपये
- केंद्राचं अनुदान (85 टक्के): 841.72 कोटी
- पुणे महापालिकेचा वाटा (15 टक्के): 148.54 कोटी

केंद्रानं यासाठी जपानकडून सुमारे 1,000 कोटींचं कर्ज घेतलं. व्याज फक्त 0.30 टक्के, फेड 40 वर्षांत, त्यातली पहिली 10 वर्षं सवलतीची. महापालिकेला हा पैसा अनुदान म्हणून मिळतो, कर्ज फेडायचं केंद्रानं. म्हणजे शेवटी तो देशभरातल्या करदात्यांचा पैसा. डिझेल भरणारा, खताची गोणी घेणारा शेतकरीही त्यात आलाच. त्यामुळे हिशोब विचारायचा हक्क शहराइतकाच गावालाही आहे.

उशीर किती झाला?

काम जानेवारी 2022 पर्यंत संपवायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं ते 6 मार्च 2022 ला. तोवर खर्चाचा आकडा 1,470 कोटींच्या वर गेला होता. मधल्या काळात 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली. म्हणजे योजना कागदावर असतानाच शहर आणखी मोठं झालं.

प्रकल्पात पाण्याचं काय होतं?

आधी जाळीवर प्लास्टिक, चिंध्या अडवतात. मग वाळू खाली बसवतात. पुढच्या टाकीत हवा सोडून जिवाणू वाढवतात, ते घाण खातात. गाळ वेगळा काढतात आणि शेवटी क्लोरीनसारखं औषध देऊन पाणी सोडतात. हवा सोडणाऱ्या यंत्रांना वीज फार लागते. वीज गेली, पंप बंद पडला किंवा मैलावाहिनी प्रकल्पापर्यंत जोडलेलीच नसली, तर नाल्याचं पाणी तसंच नदीत जातं. म्हणून नुसती इमारत उभी राहून भागत नाही. ती रोज चालवायचा खर्चही दरवर्षी लागतो. या योजनेत 'एक शहर, एक ऑपरेटर' ही पद्धत त्यासाठीच आणली. जबाबदारी एकाच ठेकेदारावर राहावी, हा तिचा हेतू.

पाणी शुद्ध झालं हे कशावरून?

त्यासाठी बीओडी हा आकडा पाहतात. पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन ओढते, ते यातून कळतं. आकडा जेवढा मोठा, तेवढं पाणी घाण आणि माशांना धोका जास्त. केंद्राच्या 2017 च्या अधिसूचनेत महानगरांसाठी लिटरला 20 मिलिग्रॅमची मर्यादा होती. राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये ती 10 वर आणायला सांगितलं.

गावांचा थेट संबंध कुठे?

मुंढव्याच्या जॅकवेलमधून पाणी उचलून बेबी कालव्यात सोडलं जातं. वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी शेतीला द्यायचं ठरलेलं आहे. खडकवासल्याचं चांगलं पाणी शहराला आणि त्याच्या बदल्यात हे पाणी शेतीला, असा तो व्यवहार. वरचे प्रकल्प नीट चालले नाहीत तर हा बदला शेतकऱ्याला महाग पडतो. मैलापाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर जलपर्णी माजते. मोटरीच्या फुटबॉलला ती अडकते आणि पुढं उजनीपर्यंत जाते.

गावानं काय विचारावं?

माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्ज पुणे महापालिका आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, दोन्हीकडे करता येतो. प्रश्न नेमके ठेवावेत:

- प्रत्येक प्रकल्पाची क्षमता किती आणि मागच्या सहा महिन्यांत रोज किती पाणी आलं?
- बाहेर सोडलेल्या पाण्याचा बीओडी दर महिन्याला किती निघाला?
- कोणता प्रकल्प किती तास बंद होता, कशामुळे?
- मुंढवा जॅकवेलमधून दर महिन्याला किती पाणी सोडलं, त्याची तपासणी कुणी केली?

नदीला फेस आला किंवा मासे मेले तर तारीख, वेळ आणि ठिकाणासह फोटो काढून प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडला तर तक्रार एकट्याची राहत नाही.