संघनिवड आणि लोकमत

क्रिकेटचा संघ जाहीर व्हावयाचा असला म्हणजे आपल्या देशात दोन निवड समित्या बसतात. एक मंडळाने नेमलेली. ती दार लावून बसते. दुसरी कोणीच नेमलेली नसते. ती चहाच्या दुकानात, वाचनालयाच्या पायरीवर, आगगाडीच्या डब्यात भरते आणि तिचे कामकाज पहिल्या समितीचा निकाल लागल्यानंतरही आठवडाभर चालू राहते. या दुसऱ्या समितीला रिकामटेकड्यांचा फड म्हणून हसण्याची पद्धत आहे. परंतु गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर हे हसणे अर्धेच रास्त आहे असे आम्हांस वाटते. या फडाने काही प्रसंगी मोठा न्याय केला आहे, तर काही प्रसंगी मोठा अन्यायही केला आहे. न्याय केव्हा झाला आणि अन्याय केव्हा झाला, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

आरंभ राष्ट्रीय संघाच्याही आधीपासून करावा लागतो. या शतकाच्या मागील शतकारंभी हिंदुस्थानचा म्हणावा असा कायमचा संघ नव्हता. मुंबईचे सामने हेच लोकांच्या मानाअपमानाचे रणांगण होते. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ त्यात उतरत. हिंदूंचा सर्वांत मोठा गोलंदाज होता पाळवणकर बाळू. पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात पडेल ते काम करीत आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकीत हा चर्मकार घराण्यातील तरुण डावखुऱ्या गोलंदाजीत निष्णात झाला. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना हरविले त्यात त्याचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो संघ इंग्लंडला गेला, तो बहुतेक सामने हरला. परंतु बाळूने त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानावर त्याचा चेंडू सर्वांना चाले. चहाचा पेला मात्र पुण्यात त्याला वेगळा मिळे.

असा खेळाडू हिंदू संघाचा नायक का नाही, हा प्रश्न वर्षानुवर्षे दबलेला होता. १९२० साली तो उघड झाला. त्या वर्षी पहिल्या सामन्यासाठी बाळूला वगळण्यात आले. नियोजित नायक पै आजारी पडले, तेव्हा नायकपद प्रा. देवधरांकडे गेले. बाळूचे बंधू विठ्ठल आणि शिवराम हे दोघे तेव्हा चांगल्या भरात होते आणि देवधरांहून अनुभवाने वडील होते. ते संघातून बाहेर पडले आणि आपली बाजू त्यांनी लोकांपुढे मांडली. आपल्याला डावलले जाते ते खेळामुळे नव्हे, जातीमुळे, असे त्यांचे म्हणणे होते. वृत्तपत्रांतून वाद माजला. तो काळ असहकाराचा होता. अस्पृश्यतानिवारणाचा विषय सभांतून गाजत होता. सभेत एक बोलायचे आणि जिमखान्यात दुसरे करायचे, ही विसंगती लोकांच्या डोळ्यांवर आली. परिणाम असा की अंतिम सामन्यात पै परतले तेव्हा बाळू त्यांचा उपनायक होता, आणि पै मैदानाबाहेर गेले असता संघ त्याच्या हाती राहिला. पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचा नायक झाला आणि त्याच्या संघाने अंतिम सामना जिंकला. विठ्ठल पाळवणकरांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतच लिहून ठेवले आहे.

या प्रसंगात लोकमताने काय मागितले होते, याकडे आपण नीट लक्ष देऊ. निवड कोणत्या तत्त्वावर केली, एवढेच त्याने विचारले. त्या प्रश्नाला समितीपाशी उत्तर नव्हते, म्हणून समिती हरली.

यानंतरच्या काळात जात मागे पडली असे नाही, पण पदवी पुढे आली. १९३२ साली इंग्लंडला गेलेल्या पहिल्या कसोटी संघाचे नायक पोरबंदरचे महाराज होते. त्यांनी मात्र स्वतःचा खेळ ओळखून लॉर्ड्सवरच्या कसोटीत नेतृत्व नागपूरच्या सी. के. नायडूंना दिले. हे शहाणपण १९३६ साली दिसले नाही. त्या दौऱ्याचे नायकपद विजयनगरमच्या महाराजकुमारांनी मिळविले. लाला अमरनाथ तेव्हा उत्तम भरात होते. एसेक्सविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके काढली होती. पहिल्या कसोटीच्या आधीच त्यांना बेशिस्तीच्या आरोपावरून बोटीने घरी धाडण्यात आले, आणि संघ मालिका दोन-शून्य अशी हरला. देशात संताप उसळला. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमंट यांच्या समितीने चौकशी केली व पुढील वर्षी नायकाच्याच कारभारावर ठपका ठेवला. पण तोवर सामने होऊन गेले होते. अशा वेळी लोकांच्या हाती उरतो तो फक्त इतिहासातील निकाल.

उशिरा मिळणाऱ्या न्यायावर लोक किती काळ समाधान मानणार? १९४५ साली ऑस्ट्रेलियाच्या सेनादलांचा संघ आला असता कलकत्त्याच्या सामन्यासाठी मुश्ताक अलींना वगळले गेले. मुश्ताक हा कलकत्त्याच्या प्रेक्षकांचा प्राण. मुश्ताक नसेल तर सामना होऊ देणार नाही, अशी घोषणा करीत जमाव निवड समितीच्या दुलीपसिंहजींना जाऊन भिडला, आणि मुश्ताक संघात आले. यातला दैवदुर्विलास असा की निवडीतला अन्याय दुलीपसिंहजींनी स्वतः सोसला होता. १९२९ साली इंग्लंडच्या संघातून त्यांना एका कसोटीनंतर वगळले गेले, आणि त्याचे कारण पाहुण्या दक्षिण आफ्रिकेची नाराजी हेच होते असे मानले जाते. कलकत्त्याच्या जमावाची निवड कदाचित बरोबरही असेल. परंतु त्याची रीत मात्र बरोबर नव्हती. पाळवणकरांच्या पाठीराख्यांनी युक्तिवाद केला होता. येथे धक्काबुक्की झाली. आपल्या गावच्या लाडक्याला घेतल्याशिवाय सामना नाही, हे तत्त्व प्रत्येक गावाने धरले तर संघ उभा राहील कसा?

लोकमताचा दाब आणि मंडळातील चढाओढ एकत्र आली म्हणजे काय होते, ते १९५८-५९च्या मोसमात दिसले. वेस्ट इंडिजविरुद्धच्या पाच कसोट्यांत आपले चार नायक झाले. मुंबईस पॉली उम्रीगर, सामना अनिर्णित. कानपुरास गुलाम अहमद; तेथे सुभाष गुप्ते यांनी १०२ धावांत ९ बळी घेतले, तरी आपण २०३ धावांनी हरलो. कलकत्त्यास पुन्हा गुलाम अहमद. एक डाव आणि ३३६ धावांनी पराभव, आणि नायकांची निवृत्ती. मद्रासला पुन्हा उम्रीगर नेमले गेले. पण संघातल्या एका जागेवरून अधिकाऱ्यांशी मतभेद होऊन सामन्याच्या तोंडावर त्यांनी नायकपद सोडले. विनू मंकड उभे राहिले, सामना गेला. दिल्लीस सेनादलातील हेमू अधिकारी आले. पुण्याच्या चंदू बोर्ड्यांनी १०९ आणि ९६ धावा केल्या आणि सामना अनिर्णित राहिला. पुढील उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये नायक होते दत्ता गायकवाड. तेथे पाचही कसोट्या गेल्या. जो तो नायक एका पराभवावर मोजला जात होता. रोज रोप उपटून मूळ धरले की नाही हे पाहणाऱ्या माळ्याला फळ कोठून मिळणार?

याच्या उलट उदाहरण १९७१चे. विजय मर्चंट निवड समितीचे अध्यक्ष होते. नायकपदासाठी पतौडी की अजित वाडेकर, या प्रश्नावर त्यांच्या मताने तोल वाडेकरांकडे झुकला. निर्णयावर टीका पुष्कळ झाली. वेस्ट इंडिजला निघालेल्या संघात दिलीप सरदेसाई होते. मडगावात जन्मलेला हा फलंदाज त्याआधी कसोटी संघातून बाहेर गेला होता आणि त्याची जागा मुळीच पक्की नव्हती. किंग्स्टनला ७५ धावांत ५ बळी गेले असता त्याने एकनाथ सोलकरांना सोबत घेऊन डाव सावरला आणि २१२ धावा केल्या. मालिकेत त्याच्या ६४२ आणि नवख्या सुनील गावसकरांच्या ७७४ धावा झाल्या; आपण मालिका जिंकलो. त्या दौऱ्याला न नेलेले चंद्रशेखर इंग्लंडला नेण्याचे धाडसही समितीने केले. ओव्हलवर त्यांनी ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडमधील पहिला मालिकाविजय पदरात पडला. ही दोन्ही नावे कालच्या धावफलकावरून निवडलेली नव्हती.

आणि लोक? त्यांनी वाडेकरांना डोक्यावर घेतले. इंदुरात विजयाचे स्मारक म्हणून भली मोठी बॅट उभारली गेली. तीन वर्षांनी, १९७४ साली, लॉर्ड्सवर आपला डाव ४२ धावांत आटोपला, तिन्ही कसोट्या हरल्या, आणि तीच बॅट विद्रूप करण्यात आली. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले गेले. त्यांनी निवृत्ती घेतली. १९७१ला त्यांना निवडले हे चूक होते काय? मुळीच नव्हे. मग १९७४ला तीन सामन्यांनी ते नालायक कसे ठरले, याचे उत्तर संतापणाऱ्यांपैकी कोणापाशी होते?

या सर्वांतून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. लोकांनी ज्या ज्या वेळी निवडीचा निकष विचारला, त्या त्या वेळी खेळाचे आणि समाजाचेही भले झाले. ज्या ज्या वेळी पराभवाचा हिशेब एका माणसाच्या माथी मारला, त्या त्या वेळी नुकसान झाले. सोळावा खेळाडू अमुकच का, हे विचारण्याचा अधिकार तिकीट काढून उन्हात बसणाऱ्याला आहेच. राष्ट्राच्या नावाने खेळणारा संघ ही कोणाची खाजगी मालमत्ता नव्हे. निवड समितीने कारण सांगावे, ही अपेक्षाही रास्त आहे. पण कारण मागणाऱ्याने आपलीही स्मरणशक्ती एका डावाहून लांब ठेवली पाहिजे. पुढच्या संघाची यादी हाती येईल तेव्हा आपण वगळलेल्या नावांवरून प्रथम नजर फिरवावी, आणि ती नावे खेळामुळे गेली की अन्य कशामुळे, एवढे विचारावे. बाळू पाळवणकरांच्या बाजूने ज्यांनी लेखणी उचलली, त्यांनी याहून अधिक काही विचारले नव्हते.