आगीचा बंब आणि अंगावरचा कोट

आगीचा बंब आला की लोक बंब पाहतात. बंबवाल्याच्या अंगावर काय आहे, ते कोणी पाहत नाही. कामगार चळवळीत वाढलेल्या आम्हांस मात्र प्रथम तेच दिसते. या पोशाखाचा इतिहास म्हणजे माणसाने उष्णतेशी केलेली घासाघीस होय.

चुलीवरच्या पितळी पातेल्यास उघडा हात लावू नये, हे पितळेसाठी प्रसिद्ध असलेल्या भंडारा जिल्ह्यात, करडीच्या श्रोत्यांस सांगावयास नको. तरी १८६० नंतरच्या दशकात लंडनच्या बंबवाल्यांच्या डोक्यावर पितळी टोप चढला. दिसे झळाळीचा, पण पुढे घरोघर वीज आली आणि तार लागताच तो प्राणावर बेतू लागला. १९३० नंतरच्या दशकात तो उतरला. अंगातला जाड लोकरीचा कोट मात्र शहाणपणाचा होता. लोकर सुतासारखी भडकत नाही, कोळपते. तिच्यात अडकलेली हवा उष्णता रोखते. धनगराच्या घोंगडीचे शास्त्र तेच.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज पेटले. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटके. स्फोटात ६६ बंबवाले गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. त्या स्फोटापुढे कोणताही कोट टिकला नसता, हे खरे. परंतु रोजच्या आगीत कोटच माणूस परत आणतो.

१९६० नंतरच्या दशकात नोमेक्स हा न वितळणारा धागा निघाला. आजच्या पोशाखास तीन थर असतात: बाहेरचा ज्वाळेसाठी, मधला पाण्यासाठी, आतला उष्णतेसाठी. पण हे थर उष्णता थांबवीत नाहीत, तिला उशीर लावतात. कातडी ४४ अंशांच्या सुमारास दुखू लागते. घामाने भिजलेले अस्तर तापले तर वाफेनेही अंग भाजते. शिवाय बाहेरची धग अडविणारा कोट शरीराची धगही आत कोंडतो. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेथे थंड देशाच्या मापाचा पोशाख ज्वाळेपासून वाचवील, पण घेरी आणील.

म्हणून कोटाबरोबर पाणी, विसावा आणि आळीपाळीने काम यांचीही मागणी केली पाहिजे. धुण्यासाठी दुसरा जोडही हवा. कारण बंबवाल्याचे काम कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०२२ मध्ये जाहीर केले आहे, आणि काजळी कपड्यावरच घरी येते.

नवा बंब आला की आपण नारळ फोडतो. त्या दिवशी कोटही मोजून घ्यावेत, एवढेच आमचे मागणे आहे.