अल्पसंख्याकांबद्दल परदेशाने ‘चिंता’ व्यक्त केली की काय होतं? भिवंडीचा धडा

दंगलीनंतर दुसरा देश ‘चिंता’ व्यक्त करतो, तेव्हा भारताचं उत्तर ठरलेलं असतं : ही आमची अंतर्गत बाब. पण अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची लेखी हमी भारत-पाकिस्तानने 8 एप्रिल 1950 च्या नेहरू-लियाकत करारात एकमेकांना दिली होती.

भिवंडीत ती हमी कामी आली नाही. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. न्या. मादन आयोगाने पोलिसांच्या विशेष तपास पथकावर मुस्लिमांविरुद्ध पक्षपाताचा ठपका ठेवला. 1984 मध्ये पुन्हा दंगल झाली.

मग बदललं काय? 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. दोन्ही समाजांचे लोक आणि पोलीस नियमित भेटू लागले. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.