नोकरीचं पदक

२६ जानेवारीच्या झेंडावंदनाला आमच्या नवी मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये निवृत्त फौजी काका कोटावर पदकं लावून येतात. आपण उत्साहाने विचारतो, "काका, हे कुठल्या लढाईचं?" पुष्कळदा उत्तर येतं, "लढाईचं नाही रे, नोकरीचं!" आणि आपला चेहरा उगाच पडतो.

आपल्या सैन्यदलांत ९, २० आणि ३० वर्षांच्या सेवेची तीन वेगळी पदकं आहेत. पहिली दोन १९७१ सालची, तिसरं १९८० चं. शिपाई असो की जनरल, पदक तेच. कागदावर छानच. पण साधा शिपाई पंधरा-सतरा वर्षांत पेन्शनीत निघायचा, म्हणजे विसाचं पदक बढती मिळालेल्यांनाच. असो.

ही कल्पना मूळची इंग्रजांची. १८३० साली विल्यम चौथ्याने गोऱ्या सैनिकांसाठी दीर्घ सेवा व सद्वर्तनाचं पदक काढलं. पायदळाला २१ वर्षं, घोडदळाला २४. पुढे १८३७ साली ईस्ट इंडिया कंपनीने देशी अधिकाऱ्यांसाठी 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया' सुरू केली. पहिल्या वर्गाला 'सरदार बहादूर' हा किताब आणि रोज दोन रुपये जादा, दुसऱ्याला 'बहादूर' आणि रोज एक रुपया. त्या काळचा रुपया, मंडळी! हा मान गळ्यात घालायचा. फीत आधी आकाशी होती, पण वर्षभरातच ती किरमिजी केली. कारण असं सांगतात की आपल्या लोकांच्या डोक्याच्या तेलाने आकाशी फितीवर डाग पडायचे. मानाचा रंग खोबरेल तेलाने ठरवला, हे मला फार आवडतं. साध्या देशी शिपायांना मात्र असं पदक मिळायला १८८८ साल उजाडलं.

आता त्याच १८८८ च्या आसपास आपल्या कोकणात काय चाललं होतं बघा. दापोलीला लष्करी पेन्शनरांची मोठी वस्ती होती, त्यात बरेच महार सैनिक. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली फौजेतून निवृत्त झाले आणि 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका त्यांनी १८८८ मध्येच लिहिली. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही फौजेतलेच, आणि त्यांचे वडील मालोजीही. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची नोकरी.

आणि नेमकं तेव्हाच सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात 'लढवय्या जाती' नावाचं खूळ डोक्यात शिरलं. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. एका हाताने 'दीर्घ सेवा' म्हणून पदक द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच माणसाच्या मुलाला छावणीच्या दारातून परत पाठवायचं! वलंगकरांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला, त्यात आपल्या लोकांच्या जुन्या सेवेचाच दाखला होता. १९१० साली शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायतेत भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. मागणी काय, तर पुन्हा नोकरीत घ्या.

मला वाटतं हे पदक आपण चुकीच्या बाजूने बघतो. शौर्यपदक एका दिवसाचं असतं. हे पदक असतं वर्षानुवर्षं सकाळी उठून परेडला जाण्याचं, घरी न येता काढलेल्या दिवाळ्यांचं. आणि नोकरी म्हणजे त्या माणसांसाठी नुसता पगार नव्हता. छावणीत शाळा होती, मुलं शिकत होती. रामजी स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. ते दार बंद झालं म्हणजे किती काय बंद झालं, याचा हिशेब कुठल्या फितीवर मावणार?

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडलीही. चार वर्षं! अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. ती मात्र टिकली.

जाता जाता चार वर्षांवरून आठवलं. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत भरती चारच वर्षांची, त्यातून जास्तीत जास्त २५ टक्के मुलं पुढे कायम होणार. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून भरतीसाठी पहाटे धावणारी ही पोरं. बाकीच्यांच्या बाबतीत नऊ वर्षांच्या पदकाला पाच वर्षं कमी पडणार.