फुगलेली रक्तपेशी पुन्हा आकारात कशी येते? तापीतल्या माशापासून खानदेशातल्या सिकलसेलपर्यंत

लाल रक्तपेशी म्हणजे हिमोग्लोबिनने भरलेली पातळ पडद्याची पिशवी. या पडद्यातून पाणी सहज आत-बाहेर करतं. बाहेरच्या द्रवात क्षार कमी झाले की पाणी आत शिरतं आणि पेशी फुगते. फार फुगली तर फुटते. उलट पेशीतलं पाणी निघून गेलं, तर ती आक्रसते आणि आतलं हिमोग्लोबिन दाट होतं.

फुगलेली पेशी स्वतःला कशी सावरते, हे माशांच्या रक्तात स्पष्ट दिसतं. हीच सावरणारी यंत्रणा नको तेव्हा चालू राहिली तर काय होतं, हे धुळे-जळगावच्या आदिवासी भागात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात दिसतं.

माशाच्या पेशीत काय घडतं?

तापी-गिरणेतल्या रोहू, कटला यांसारख्या माशांचं रक्त नदीच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत शरीरात शिरत राहतं. मूत्रपिंडं ते पातळ लघवीवाटे बाहेर टाकतात. तरीही रक्त पातळ झालंच, तर पेशीला स्वतःची सोय करावी लागते.

प्रयोगशाळेत ट्राउट किंवा ईल या माशांच्या लाल पेशी पातळ द्रवात टाकल्या, की त्या आधी फुगतात आणि मग हळूहळू मूळ आकाराकडे परततात. पेशी थेट पाणी उपसत नाही. ती पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर सोडते, सोबत टॉरिनही. हे टॉरिन म्हणजे एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर ज्याचं नाव दिसतं तेच. विरघळलेले पदार्थ बाहेर गेले की त्यांच्यामागोमाग पाणीही जातं.

माणसाच्या पेशीत काय वेगळं?

पोटॅशियम-क्लोराइड बाहेर सोडणारं हे दार माणसाच्या लाल पेशींतही असतं. पेशी नवी असताना ते चांगलं चालतं, पक्व झाल्यावर जवळजवळ बंद होतं. सिकलसेलच्या रुग्णात मात्र ते गरजेपेक्षा जास्त उघडं राहतं.

त्यात आणखी एका दाराची भर पडते. पेशी विळ्यासारखी वाकली की कॅल्शियम आत शिरतं आणि पोटॅशियमची वेगळी वाट उघडतं. हंगेरीचे शास्त्रज्ञ जॉर्ज गार्डोस यांनी १९५८ मध्ये कॅल्शियमचा हा परिणाम दाखवला, म्हणून तिला ‘गार्डोस चॅनल’ म्हणतात. दोन्ही वाटांनी क्षार आणि पाणी जातं, पेशी सुकते.

सुकणं इतकं घातक का?

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतला एकच घटक बदललेला असतो. ऑक्सिजन कमी पडला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांड्या बनवतं. ते जितकं दाट, तितक्या झपाट्याने या दांड्या तयार होतात, आणि दाटपणा थोडासा वाढला तरी वेग कितीतरी पटींनी वाढतो. ताठ झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. असह्य वेदना होतात, अवयवांना इजा होते.

खानदेशाचा संबंध काय?

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये झाली. महाराष्ट्रात विदर्भाबरोबर सातपुड्याच्या पट्ट्यातही हा आजार आढळतो. भिल्ल आणि पावरा समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे. धुळ्यातले शिरपूर, साक्री आणि जळगावातले चोपडा, यावल, रावेर हे तालुके याच आदिवासी पट्ट्याला लागून आहेत.

इथला उन्हाळा ४५ अंशांच्या आसपास जातो. घामाने शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातले क्षार दाट होतात आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. शिवाय सिकलसेलच्या रुग्णांची मूत्रपिंडं लघवी नीट दाट करू शकत नाहीत, त्यामुळे पाणी जास्तच वाया जातं. डॉक्टर भरपूर पाणी प्यायला आणि उन्हातली मेहनत टाळायला सांगतात, त्यामागचं हे एक महत्त्वाचं कारण.

मग पेशीतली दारंच बंद केली तर?

तसा प्रयत्न झाला. गार्डोस चॅनल बंद करणाऱ्या सेनिकापॉक या औषधाने पेशी फुटणं कमी झालं, पण मोठ्या चाचणीत वेदनांचे झटके कमी झाले नाहीत. सध्या हायड्रॉक्सीयुरिया हे प्रमुख औषध आहे. त्याने बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढतं आणि पेशीत पाणीही जास्त टिकतं.

पाणी पिणं हा आजारावरचा इलाज नाही, काळजीचा भाग आहे. रुग्णाला ताप, छातीत दुखणं, धाप लागणं किंवा न थांबणारी वेदना असेल, तर लगेच दवाखाना गाठायला हवा. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहकाला सहसा त्रास होत नाही, त्यामुळे तपासणीशिवाय ते कळत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत म्हणूनच तपासणीवर भर आहे. लग्नाआधी रक्ताची एक साधी तपासणी पुढच्या पिढीसाठी मोलाची ठरते.